गालिचा कोणी काढला

सोमवार, ४ नोव्हेंबर

या वहीतून मला एकच गोष्ट सिद्ध करायची आहे, ती आरंभीच मांडतो. एकाहत्तर वर्षांचा, हातात कधी करवत न धरलेला मनुष्य, मापे अचूक घेतली आणि कामाचा क्रम सोडला नाही तर, कोणाच्याही मदतीवाचून एका खोलीतला गालिचा काढून तेथे लाकडी जमीन बसवू शकतो. माझी मुलगी वैदेही हे मानत नाही. तिच्या मते कारागीर लावावेत आणि मी खुर्चीवर बसून त्यांच्या चुका काढाव्यात, कारण ते काम मला अधिक चांगले जमते. छत्तीस वर्षे नाशिकच्या महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवलेल्या माणसाला या विधानाचा उत्तरार्ध नाकारता येत नाही. पूर्वार्ध मी नाकारतो.

आज सकाळी नाशिक सोडून बोनकोड्याला, वैदेहीच्या घराजवळ, राहायला आलो. गावठाणातील चार मजली इमारतीच्या तळमजल्यावरचे हे घर आम्ही दिवाळीपूर्वी विकत घेतले. विकणारे गोटीराम भोईर तिसऱ्या मजल्यावर राहतात. इमारत त्यांच्याच जागेवर उभी आहे. टेम्पो आला तेव्हा ते स्वतः गल्लीत उभे राहून स्कूटरवाल्यांना बाजूला सारत होते. माझ्या सामानात करवत, रबरी हातोडा आणि काटकोन तपासायचा गुण्या पाहून त्यांना फार हसू आले. एवढ्या मोठ्या कॉलेजचा मास्तर गुडघ्यावर बसलेला पोरांनी पाहिला तर सरांना शिक्षा झाली म्हणतील, असे ते म्हणाले. मलाही हसू आले. घरात ऊन चांगले येते, पाणी दोन वेळ येते, आणि मागच्या खिडकीतून कोणाच्या तरी अंगणातला शेवगा दिसतो. प्रसन्न वाटले. गेल्या तीन महिन्यांत हा शब्द लिहिण्याचा प्रसंग आला नव्हता.

ऑगस्टमध्ये माझी पत्नी वैशाली नाशिकच्या घरी ओल्या फरशीवर घसरली आणि तिच्या खुब्याचे हाड मोडले. मी शेजारच्या खोलीत होतो. आवाज ऐकला, भांडे पडले असावे असा निष्कर्ष काढला आणि आणखी दहा मिनिटे वाचत राहिलो. शस्त्रक्रिया नीट झाली. आता ती नेरूळला वैदेहीकडे आहे. वॉकर धरून उभी राहते, पण खाली फरशी दिसली की पाऊल उचलत नाही. व्यायाम घेणाऱ्या बाईंनी स्पष्ट सांगितले आहे की महिनाभरात चालली नाही तर पुढे चालणार नाही. गालिच्यात वॉकरचे पाय अडकतात. फरशीला ती घाबरते. उरते लाकूड. बाहेरच्या खोलीतून तिला चाकांच्या खुर्चीवरून आणता येईल. निजायच्या खोलीची जमीन मात्र लाकडाची हवी. ती चोवीस तारखेला, रविवारी, येणार आहे. माझ्यापाशी वीस दिवस आहेत.

बुधवार, ६ नोव्हेंबर

तुर्भ्याहून फळ्या आल्या. सागाच्या, पाच इंच रुंद, एका कडेला खाच आणि दुसऱ्या कडेला जीभ. दुकानदाराच्या सांगण्याप्रमाणे त्या खोक्यांतून काढून तीन दिवस खोलीतच आडव्या ठेवायच्या, म्हणजे त्यांना तिथली हवा लागते आणि बसवल्यावर त्या फुगत नाहीत. भिंतीलगत सर्व बाजूंनी अर्धा इंच मोकळा सोडायचा. खोली दारापासून खिडकीपर्यंत दहा फूट, म्हणजे एकशेवीस इंच आहे. दोन्हीकडचे अर्धे इंच वजा जाता एकशे एकोणीस. तेवीस ओळी पूर्ण बसतील आणि चोविसावी चार इंचांवर उभी कापावी लागेल. माप तीनदा घेतले.

गालिचा डाळिंबी रंगाचा आहे, भिंतीपासून भिंतीपर्यंत चिकटवलेला. गोटीरामांच्या मुलाने, कुंदनने, या खोलीत जागा खरेदी-विक्रीचे ऑफिस थाटले होते, तेव्हाचा. ऑफिस बंद पडल्यावर गोटीरामांच्या आईला, बायजाबाईंना, जिना चढवेना म्हणून खाली आणले. त्यांनी खाट घेतली नाही. दोन वर्षे खिडकीखाली गालिच्यावरच निजत, आणि गेल्या चैत्रात तिथेच गेल्या. घर दाखवताना गोटीरामांनी हे लपवले नव्हते. मलाही त्यात हरकत घेण्याजोगे काही दिसले नाही. जुन्या वस्तीतल्या कोणत्या खोलीत कोणी गेलेले नसते?

संध्याकाळी ते पुन्हा आले. या वेळी हसत नव्हते. चप्पल बाहेर काढून दारातच उभे राहिले.

"सर, तुमी नका वाकू. गालिचा मी काढतो. एका दिसाचा काम हाय, माजाच हाय तो."

मी त्यांचे आभार मानले आणि काम एकट्यानेच करायचे ठरवले आहे असे सांगितले. त्यांनी चप्पल घातली. मग, बरं, तुमची मर्जी, म्हणाले आणि गेले.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

गालिचा निघाला. दोन दिवस लागले. कटरने दीड-दीड फुटाचे पट्टे पाडले, पकडीने कोपरा उचलला आणि खिडकीच्या बाजूने आरंभ करून एकेक पट्टा गुंडाळत दारापर्यंत आलो. डिंक जुना आहे. सिमेंटवरून तो पत्र्याने खरवडावा लागला. खिडकीखालचा पट्टा मात्र जवळजवळ हाताने उचलला गेला. तिथे डिंक धरलेलाच नव्हता आणि खालचे सिमेंट इतर ठिकाणापेक्षा फिकट होते. सततच्या वजनाने डिंक सुटला असावा, दोन वर्षे एकाच ठिकाणी कोणी निजत असेल तर. कारण पुरेसे आहे.

सात गुंडाळ्या सुतळीने बांधून फाटकाशी ठेवल्या. भंगारवाल्याने त्या दुपारी हातगाडीवर घातल्या. गोटीराम तेव्हा दूध घेऊन येत होते. हातगाडी वळणावर जाईपर्यंत ते पाहत राहिले आणि मग मला विचारले की हे सगळे मीच गुंडाळले का, कोणाचा हात लागला होता का. मी किंचित अभिमानाने सांगितले की कोणाचाही नाही.

शनिवार, ९ नोव्हेंबर

प्लॅस्टिकचा कागद आणि त्यावर फोम अंथरला. पहिल्या पाच ओळी दाराकडून बसवल्या. जीभ खाचेत शिरताना येणारा आवाज फार समाधानाचा आहे. दुखणाऱ्या गुडघ्यांखाली जुनी उशी घेतली.

वैशालीला फोनवर तो आवाज ऐकवला. ती हसली. किती ओळी झाल्या हे ती आता रोज विचारणार आहे. वैदेही मागून ओरडून म्हणाली की आईसुद्धा तुमच्या परीक्षेला बसली वाटते. आज वैशाली खिडकीपर्यंत चार पावले चालली, पायाखाली चादर घालून.

सोमवार, ११ नोव्हेंबर

तेरा ओळी झाल्या. हात सरावले आहेत. पाठ सरावत नाही. दुपारी अर्धा तास आडवा झालो तर दोन तास गेले.

गोटीरामांच्या पत्नी पुतळाबाई तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या जवळ्याची चटणी घेऊन खाली आल्या. आम्हा टिपणिसांकडे जवळ्याचे कौतुकच आहे, हे ऐकून त्या खूश झाल्या. मग दाराच्या चौकटीला टेकून खोलीकडे पाहत राहिल्या; आत आल्या नाहीत. त्यांनी जे सांगितले ते शक्य तितके त्यांच्या क्रमाने लिहितो.

त्यांच्या घरात माणूस ज्या अंथरुणावर गेला ते अंथरूण तेराव्या दिवशी घरच्याच माणसाने गुंडाळायचे असते, पायाकडून डोक्याकडे, आणि गुंडाळताना म्हणायचे की आता ऊठ, तुझी झोप झाली. बायजाबाईंचे अंथरूण म्हणजे हा गालिचा. तो भिंतीपासून भिंतीपर्यंत चिकटवलेला. तेराव्याला तो गुंडाळायचा कसा? कुंदन म्हणाला, राहू दे, पुढे काढू. ते पुढे म्हणजे विक्रीपर्यंत आले. म्हणून गोटीराम त्या दिवशी दारात उभे होते. इतके सांगून पुतळाबाईंनी पदर सारखा केला आणि आवाज खाली आणला.

"मास्तर, ज्यानी हातरून गुंडालला, त्याचेच घरचा मानूस तिथं निजतो. आमचे घरानी नाय गुंडालला. तुमी गुंडालला."

मी त्यांना म्हणालो की हे विधान खरे मानण्यासाठी निदान एक उदाहरण हवे. त्यांनी जरा विचार करून दोन दिली, नावांसह. मी म्हणालो की वृद्ध माणसांच्या घरात लवकरच कोणी ना कोणी जाते. त्यामुळे असा नियम कोणत्याही प्रसंगी खरा ठरलेला दिसेल, आणि जो नियम कधीच खोटा ठरू शकत नाही तो काहीच सांगत नाही. पुतळाबाईंनी हे शांतपणे ऐकून घेतले. भाकरी गरम आहे तोवर खा, म्हणाल्या.

युक्तिवाद निर्दोष होता. तो नीट मांडता आला याचे मला समाधान वाटले, हेही प्रामाणिकपणे लिहितो.

बुधवार, १३ नोव्हेंबर

तेवीस ओळी झाल्या. आता खिडकीच्या भिंतीपर्यंत साडेचार इंच उरायला हवेत.

अठरा इंच उरले आहेत.

माप घेण्यात चूक झाली असणार, म्हणून खोली पुन्हा मोजली. दारापासून खिडकीपर्यंत एकशेवीस इंचच आहे. ओळी मोजल्या, तेवीस. एका ओळीची रुंदी पाच इंच. बेरीज एकशेपंधरा, त्यात दाराकडचा अर्धा इंच. एकशेवीसमधून साडेएकशेपंधरा गेले तर साडेचार उरतात. टेप जमिनीवर ठेवला तर अठरा.

फळ्या कोरड्या हवेत आकसत असाव्यात. पण तेवीस ओळी मिळून साडेतेरा इंच आकसायच्या तर प्रत्येक सांध्यात बोट जाईल एवढी फट दिसायला हवी. सांध्यात कागदही जात नाही.

दमलो आहे. दमलेल्या माणसाने मोजू नये.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

जास्तीच्या आणलेल्या फळ्यांतून आणखी तीन ओळी घातल्या. पंधरा इंच. एकूण सव्वीस ओळी, म्हणजे एकशेवीस इंचांच्या खोलीत एकशेतीस इंच लाकूड. तीन इंच उरायला हवे होते, पण दोन्ही टोकांना शेवटची ओळ भिंतीला भिडली. मध्ये, खिडकीच्या बरोबर खाली, ती भिडत नाही. तिथे चौकोन राहिला आहे. रुंदी अठरा इंच.

नाशिकला शिकवताना मी दरवर्षी पहिल्या तासाला सांगत असे की अंश मिळून पूर्णापेक्षा मोठे होऊ शकत नाहीत. कोणी विद्यार्थी शंका घेत नसे.

शनिवार, १६ नोव्हेंबर

चौकोनाच्या मापाच्या फळ्या कापल्या. बसवल्या. बसल्या. चहा करून परत आलो तेव्हा चौकोन तसाच होता आणि फळ्या त्याच्या कडेला एकीवर एक नीट रचलेल्या. दाराला आतून कडी होती.

पुन्हा बसवल्या. या वेळी तिथेच स्टुलावर बसून पाहत राहिलो. दुपारचे दोन वाजले होते, लख्ख ऊन होते. काहीही हलले नाही. डोळा लागला असेल तर फार तर दोन मिनिटे. उठलो तेव्हा फळ्या कडेला.

संध्याकाळी वैदेहीचा फोन आला. आई दुपारी पलंगावर नव्हती. खिडकीखाली जमिनीवर निजलेली सापडली. पडली नाही, लागलेले नाही. जिला तीन महिने खाली बसता येत नाही ती आपणहून खाली उतरली आणि गाढ झोपली. हलवून हलवून उठवावी लागली. वैदेही रडत होती. वैशालीला विचारले तर तिने एवढेच सांगितले की तिला दमल्यासारखे वाटले.

आज ती एकही पाऊल चालली नाही.

सोमवार, १८ नोव्हेंबर

पुतळाबाईंचे म्हणणे मी परीक्षेसाठी तात्पुरते खरे मानतो. तसे असेल तर ती जागा बायजाबाईंची आहे, आणि गेलेल्या व्यक्तीची जागा मोकळी राहत असेल तर त्यात आमच्या घराला भय नाही. तिथे पलंग ठेवायचा नाही, इतकेच. चौकोनावर एक कपाट ठेवता येईल.

लांबी पुन्हा मोजली. एकोणसाठ इंच.

वैशाली काल सोळा तास झोपली. डॉक्टर म्हणतात, अशक्तपणा आहे, झोपू द्या.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

तिसऱ्या मजल्यापर्यंत चढायला मला दोनदा थांबावे लागले. गोटीरामांना विचारले की त्यांच्या आई उंचीने केवढ्या होत्या. त्यांना प्रश्न विचित्र वाटला, पण ते हसले. आईपुढे बाप पोर दिसायचा, म्हणाले. खालच्या न्हाणीच्या चौकटीला तिचे डोके लागायचे म्हणून कुंदनने तिथे फोम चिकटवला होता. मी खाली येऊन पाहिले. फोम अजून आहे. माझ्या केसांना जेमतेम लागतो.

म्हणजे पाच फूट सात तरी. चौकोनाची लांबी चार फूट अकरा आहे.

जागा बायजाबाईंची नाही.

मग कोणासाठी — हे विचारायला मला दहा मिनिटे लागली. पुन्हा दहा मिनिटे.

वैदेहीला फोन करून शस्त्रक्रियेची फाइल काढायला सांगितली. पहिल्याच पानावर वजनाखाली उंची आहे. एकशेपन्नास सेंटिमीटर. वैदेही विचारत होती, बाबा, हे कशाला हवे आहे. भागाकार करायची मला गरज नव्हती, तरी केला. चार फूट अकरा.

बुधवार, २० नोव्हेंबर

वैदेहीला सांगितले की आईला रविवारी आणू नका. जमीन झालेली नाही. ती म्हणाली, मी दमलो आहे, माझा आवाज कसा झाला आहे, तेच बरे आईला तिथे आणलेले. निदान दोघे एका ठिकाणी दिसाल. रविवार नाही, शनिवारीच येतो. मी कारण सांगू लागलो. माझ्याच तोंडून ते ऐकताना मला कळले की माझ्या वर्गात कोणी असे मांडले असते तर मी त्याला बसायला सांगितले असते.

मग वैशालीने फोन घेतला. किती दिवसांनी तिचा आवाज इतका स्वस्थ ऐकला.

"अहो, जमीन पुरी नसली तरी चालेल. ती खिडकीखालची जागा माझीच ना? मला तिथं येऊन निजायचंय."

खिडकीखाली जागा आहे हे मी तिला सांगितलेले नाही. कोणालाही सांगितलेले नाही.

गुरुवार, २१ नोव्हेंबर

काल रात्री चौकोनातला फोम आणि प्लॅस्टिक कापून काढले आणि सिमेंट कालवून तो भरला. तीन घमेली. सकाळी सिमेंट कोपऱ्यात, कोरडे, ढीग करून.

दोन वेळा जेवायचे विसरलो.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर

गोटीरामांपुढे हात जोडले. आयुष्यात प्रथम कोणापुढे मुद्दा न मांडता नुसते मागितले. तुम्ही या, तुमच्या रीतीने करा, आईचे अंथरूण तुमच्या हाताने गुंडाळा.

ते लगेच आले. अंघोळ करून, टोपी घालून. पुतळाबाई मागे. भंगारवाल्याकडेही जाऊन आले होते. गालिचा त्याच दिवशी पुढे गेला. कुठे, ते त्यालाही माहीत नाही. गोटीराम चौकोनाच्या पायाशी उभे राहिले. वाकले. हात सिमेंटवर फिरवले आणि माझ्याकडे पाहिले. त्यांचे डोळे भरले होते.

"गुंडालू काय, सर?"

 पुतळाबाईंनी त्यांना दंडाला धरून नेले. जाताना मला म्हणाल्या, तुम्ही चार दिवस आमच्याकडे वर येऊन राहा, बाईंना आणू नका. आणणे माझ्या हातात नव्हते.

वैदेहीचा फोन. गाडी ठरली. उद्या दुपारी तीनला पोचतील. आई आज उठलीच नाही, पण झोपेत हसते आहे.

शनिवार, २३ नोव्हेंबर, दुपारी दीड

फोन केले. तीनदा. निघायच्या गडबडीत उचलत नाहीत. एकदा उचलला. मी नको म्हणालो. वैदेही म्हणाली, बाबा, पुरे आता. मी येते आहे ना. सगळे बघते.

दाराला कुलूप लावून उपयोग नाही. वैदेहीकडे किल्ली आहे. आणि वैशालीला बाहेर थांबवले तरी ती नेरूळलाही जमिनीवरच —

पुन्हा पहिल्यापासून मांडतो. ज्याने गुंडाळले त्याच्या घरचा माणूस. पुतळाबाईंचे शब्द तेवढेच आहेत. घरचा माणूस. कोणता, ते नियमात नाही. माप वैशालीचे आहे, कारण येणार होती ती. पण घरचा माणूस मीही आहे.

हा निष्कर्ष काढायला चार दिवस लागायला नको होते.

दोन वाजून दहा

खोलीला आतून कडी घातली. उशी घेतली नाही.

मी पाच फूट सहा. ती जागा चार अकरा. पाय दुमडून मावतो. कूस करावी लागते. सिमेंट गार आहे. किती दिवसांनी पाठ —

वही छातीशी धरून लिहितो. अक्षर वाईट येते.

काही होत नाही. माझे चुकले असेल. मापात बसत नाही म्हणून —

अडीच

पायाकडची कड सरकली.

मोजले नाही. पण गुडघे सरळ होत आहेत. म्हणजे तिने — म्हणजे जागेने मला —

आता टाच पोचत नाही. पुरते.

भीती वाटेल असे वाटले होते. फार दमलो आहे, एवढेच.

पावणेतीन किंवा नंतर

उजवीकडची पहिली फळी बसली. तोच आवाज. मी बसवली नाही.

बाहेरचे दार. वैदेही. बाबा, बाबा. लवकर आल्या.

चाकांचा आवाज नाही. वॉकरचा आहे. ठक, मग पाऊल. ठक, मग पाऊल. बाहेरच्या खोलीत फरशी आहे. ती फरशीवरून —

ती चालते आहे. वैदेही, हळू, आई, हळू, म्हणते आहे. ती ऐकत नाही. माझे नाव घेऊन कधी हाक मारत नाही, आज मारते आहे.

दुसरी फळी.

सही पानाच्या तळाशी आधीच करून ठेवली आहे. नंतर हात वर येणार नाही. वरची जागा पुरेल तेवढे लिहितो. जे सिद्ध करायचे होते ते झाले. मदत कोणाचीही घेतली नाही. मापे सर्व बरोबर होती. चूक एकच, आणि ती माझी: गालिचा गोटीराम काढणार होते, मी त्यांना काढू दिला नाही. पुतळाबाईंचा यात दोष नाही, त्यांनी सांगितले होते. दार फोडू नये. फळ्या उचलू नयेत. वैशालीला सांगावे की जमीन आता —

श्यामसुंदर टिपणीस